व्हर्नाचं भांडं

प्रिसिलाचं कुणी कौतुक केलं की जोलीनच्या पोटात दुखायचं. आणि यंदाच्या वसंतात तर अख्खा विभाग तिचंच कौतुक करत होता. अमेरिकन स्टडीजचा विभाग तो केवढासा! इतिहास, साहित्य, धर्म, गाणी, सगळं एकत्र शिकायचं आणि शेवटच्या वर्षी प्रबंध लिहून सर्वांसमोर मांडायचा. बक्षीस एकच, आणि ते जोलीनला हवं होतं. त्यासाठी तिनं रक्त आटवलं होतं.

आणि या बॉस्टनच्या बयेनं विषय घेतला कोणता? तर जोलीनच्या गावचं चर्चमधलं जेवण! थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत एकटी पडेल म्हणून जोलीननंच तिला आयोवाला घरी नेलं होतं. तिथल्या बाया घरून भांडी भरून आणतात, बुडाला चिकटपट्टी लावून नाव लिहितात. झालं, बाईसाहेब तिथेच रमल्या. खरं तर आई आधी जोलीनलाच म्हणाली होती, "आपल्या चर्चच्या जेवणावर लिही की गं." तेव्हा जोलीन खो खो हसली होती. "आई, बटाट्याच्या कॅसरोलवर कुणी प्रबंध लिहितं का?" जोलीननं लिहिला रेल्वेच्या संपावर. काल तो मांडताना दोन प्राध्यापक चक्क पेंगत होते.

आज प्रिसिलाची पाळी, तर सगळे टक्क जागे. आईसुद्धा गाडी हाकत आली होती आणि मागे बसली होती. टेबलावर तिचं काचेचं भांडं होतं.

"हे व्हर्नाचं भांडं," प्रिसिला म्हणाली. आईला चक्क नावानं, व्हर्ना म्हणे! जोलीनच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नाव लिहितात ते भांडं घरी परत यावं म्हणून. त्यातून कोण कुणाकडे जातं-येतं ते कळतं."

प्रश्नांची वेळ आली तसा जोलीननं हात वर केला. गावात भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि प्रबंधात त्याचा उल्लेखच नव्हता. तिनं तो दोनदा चाळून बघितला होता.

"परत कसं करतात, ते राहिलंच की! आईनं तुला भरून दिलेलं भांडं तू आपलं घासूनपुसून रिकामंच दिलं असशील, नाही का?"

प्रिसिला लालबुंद झाली. जोलीनला इतकं बरं वाटलं की काय सांगावं!

"घासूनपुसून कशाला?" मागून आईच बोलली. "ईस्टरला एवढ्या लांब बसनं आली पोर, केक भरून घेऊन. करपला होता मेला, पण खाल्ला आम्ही."

सगळे हसले. "मग हे लिहिलं का नाहीस?" एका प्राध्यापकांनी विचारलं.

"ते अभ्यासासाठी नव्हतं केलं, सर," प्रिसिला पुटपुटली.

टाळ्या पडल्या. बक्षीस कुणाचं, ते आता सांगायला नको होतं. ईस्टरला जोलीन घरी गेली नव्हती. काम आहे म्हणून तिनं आईला कळवलं होतं.

आई शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "पहिल्या वर्षी तुझ्याबरोबर निळं भांडं दिलं होतं ना गं मी?"

ते हॉस्टेलवर खाटेखाली होतं. जोलीन त्यात मोजे ठेवायची.

"आहे, आई. देते भरून."

"भरून नको गं," आई म्हणाली. "रिकामंच आण. पण घरी ये."