न झटकलेला पारा

मी एक पाऱ्याचा थर्मामीटर बोलतोय. उत्तर मलावीत, सरोवराच्या काठावरच्या एका मिशन इस्पितळात माझं आयुष्य गेलं. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. तुसायवे नावाच्या मुलीच्या नर्सिंग शाळेच्या प्रवेश-मुलाखतीत जे घडलं, ते मी स्वतः अनुभवलेलं आहे. तिच्या घरी आणि वाटेत जे घडलं, ते तिच्या फेग्नेस आत्यानं मुलाखतीच्याच ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी, स्त्रियांच्या वॉर्डाबाहेर, सिस्टर एलुबेंना सांगितलं. त्या वेळी मी सिस्टरांच्या खिशात होतो. या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ नये, असा माझा प्रयत्न राहील.

माझी घडण जाणून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या पाऱ्याच्या फुग्याच्या किंचित वर काचेची नळी मुद्दाम चिमटलेली आहे. त्या अरुंद मानेतून पारा वर चढतो, पण आपणहून खाली उतरत नाही. म्हणून काखेतून काढल्यावरही आकडा जागेवर राहतो आणि सावकाश वाचता येतो. म्हणूनच दुसऱ्या माणसाला लावण्यापूर्वी मला मनगटानं जोरात झटकावं लागतं. तसं केलं नाही, तर आधीच्या रुग्णाचा ताप मी नंतरच्याच्या नावावर सांगतो. यात खोटेपणा नाही. माझी रचनाच तशी आहे.

वॉर्डात मी कितीतरी काखांमध्ये राहिलो. एक निरीक्षण नोंदवतो. ताप मोजून झाल्यावर रुग्णाची आई माझ्याकडे कधीच पाहत नसे. ती सिस्टरांच्या चेहऱ्याकडे पाही. पुरुष मात्र "किती?" असं विचारत आणि जो आकडा सांगितला जाई त्यावर, जणू तोच अपेक्षित होता अशा थाटात, मान हलवत.

कोरड्या हंगामाच्या शेवटी इस्पितळाच्या नर्सिंग शाळेत प्रवेश-परीक्षा होत असे. आधी इंग्रजी, गणित आणि जीवशास्त्राचा लेखी पेपर. त्यातून निवडलेल्या मुलींची मुलाखत मेट्रन कायांगे घेत. त्या म्हणत, "पुस्तकातलं सगळ्याच सांगतात. मला हात बघायचेत." त्यांची एक पद्धत होती. मुलाखतींच्या दिवशी त्या मला तापलेल्या रुग्णाला लावून आणत, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत, पण झटकत नसत. तसाच मुलीच्या हाती देऊन म्हणत, "स्वतःचा ताप घे आणि सांग." जी आधी झटके, ती पुढे जाई.

त्या वर्षी मी खाट क्रमांक सहावरच्या बाईकडून आलो होतो. आकडा होता एकोणचाळीस पूर्णांक दोन अंश सेल्सिअस, म्हणजे चांगलाच चढलेला ताप.

दार उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या मुलींची कुजबुज ऐकू येत होती.

"काय गं, काय विचारलं?"

"नर्स का व्हायचंय म्हणून. मी म्हटलं, लोकांच्या सेवेसाठी. तर म्हणाल्या, सकाळपासून सगळ्या हेच सांगतायत, तुमच्या गावात पगार कुणालाच नकोय का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? हसले. हसायला नको होतं बहुतेक."

"आणि आजारी दिसू नका हं. गेल्या वर्षी एकीला खोकला आला, तर क्षयाची तपासणी करून ये म्हणून परत पाठवली."

मग त्याच बाकावरून उठून तुसायवे आत आली. तिची ही तिसरी आणि शेवटची खेप होती; मुलाखतीपर्यंत मात्र ती प्रथमच पोचली होती. पुढच्या वर्षी तिचं वय मर्यादेबाहेर जाणार होतं. लेखी पेपरात ती पहिल्या काहींत होती, हे मेट्रननीच मोठ्यानं वाचून दाखवलं. नाडी कुठे पाहावी, भाजलेल्यावर आधी काय करावं, जुलाब झालेल्या मुलाला काय पाजावं, सगळं तिनं हळू आवाजात, अचूक सांगितलं. मेट्रनच्या आवाजात थोडी ऊब आली होती.

मग त्यांनी मला पुढे केलं. तुसायवेनं गुडघे वाकवले, नजर खाली ठेवली आणि मला दोन्ही हातांनी घेतलं. तिच्या घरात वडीलधाऱ्यांकडून वस्तू अशीच घेतात. दिलेली वस्तू त्यांच्यासमोर तपासणं किंवा हलवून पाहणं म्हणजे देणाऱ्यावर अविश्वास दाखवणं. तिची बोटं क्षणभर माझ्या वरच्या टोकाशी थांबली. तिनं मला झटकलं नाही. काखेत ठेवलं.

वेळ झाल्यावर तिनं मला उजेडाकडे धरून वाचलं. "एकोणचाळीस पूर्णांक दोन, मेट्रनबाई."

"मग तुला ताप आहे?"

तिनं मला बोटांत फिरवून आकडा पुन्हा वाचला.

"नाही, मेट्रनबाई."

"म्हणजे थर्मामीटर खोटा?"

"नाही, मेट्रनबाई."

"हा सहा नंबरच्या बाईचा ताप आहे, पोरी," मेट्रन म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "तू तो आपल्या अंगावर घेतलास. उद्या दुसऱ्या कुणाच्या अंगावर घालशील. जा तू."

यापुढचं मी फेग्नेस आत्याकडून ऐकलेलं आहे.

परतताना दोघी मालाच्या उघड्या गाडीत मक्याच्या पोत्यांवर बसल्या होत्या. तुसायवेनं आत्याचा चितेंजे, म्हणजे कमरेचं कापड, अंगाभोवती घट्ट गुंडाळलं होतं. आत्यानं विचारलं, "झटकायचा असतो हे तुला ठाऊक नव्हतं होय गं?"

"होतं. शिकलेय मी ते."

"मग?"

"त्यांनी दिलेली वस्तू त्यांच्या तोंडासमोर झटकू? तूच सांगितलं होतंस ना, जे देतील ते जसंच्या तसं घे."

"मी पाण्याच्या पेल्याबद्दल बोलत होते, बाई," आत्या म्हणाली. हे सांगून झाल्यावर सिस्टर एलुबेंना ती म्हणाली, "गाडीत दातांवर दात आपटत होते तिचे. मला वाटलं, रडू दाबतेय. घरी मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा वाढली, सोबत सुकी मासळी. ताट तसंच सरकवलं. मला वाटलं, नापास झाली म्हणून. तिनंही तेच सांगितलं. आणि ताप मोजून झालाय म्हणाली, मेट्रनबाईंनीच सांगितलं दुसरीचा आहे म्हणून. मेट्रनपेक्षा मला जास्त कळतं का?"

त्यानंतरच्या शुक्रवारी तुसायवेला झटके येऊ लागले. शनिवारी पहाटे तिला सायकलच्या मागच्या फळीवर बांधून आणलं. सिस्टर एलुबेंनी मला व्यवस्थित झटकलं आणि लावलं. मी चाळीस पूर्णांक आठ सांगितलं. मलेरिया मेंदूपर्यंत पोचला होता. शिरेतून औषध चालू केलं, ओल्या फडक्यांनी अंग पुसलं. ऊन व्हरांड्यात येण्यापूर्वी ती गेली.

मेट्रन आल्या. त्यांनी चादर सारखी केली आणि चेहरा पाहून तिचं नाव विचारलं नाही. त्यांना ते आठवत होतं. "हिचा तक्ता?" एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षी मुलाखती झाल्या, पण त्यांनी मला कपाटातून काढलं नाही.

आता पाऱ्याची उपकरणं इस्पितळातून काढून टाकताहेत. माझ्यासारखे इतर थर्मामीटर आणि मी भुसा भरलेल्या डब्यात पडून आहोत. न्यायला गाडी येणार आहे. ही परीक्षा देणाऱ्या मुलींना माझं सांगणं एवढंच, की हाती आलेलं साधन कुणीही दिलेलं असो, आधी झटका. आणि परीक्षा घेणाऱ्यांना विनंती, की निकाल सांगण्यापूर्वी समोरच्या मुलीच्या कपाळाला हात लावून पाहा.

एका गोष्टीची खातरजमा मला कधीच करता आली नाही. मुलाखतीच्या दिवशी तुसायवेला ताप होता का? तिची काख मला गरम लागली होती. पण पत्र्याच्या छपराखालचा ऑक्टोबर होता आणि तिथे सगळंच गरम होतं. माझा पारा आधीच एकोणचाळीस पूर्णांक दोनवर अडकलेला होता. तिचा ताप त्याहून जास्त असता, तर तो वर सरकला असता. तो सरकला नाही. त्याखाली किती होता, होता की नव्हता, हे माझ्यावर उमटलंच नाही.