सासूबाईंचे तीस सेकंद

तीस सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या. प्रत्येक गोळीनंतर रायफलचा बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, नेम धरायचा. पाचातल्या चार तरी काळ्या गोलात हव्यात. मी बँकेच्या तिजोरीवरची गार्ड. दरवर्षी ही परीक्षा, आणि नापास झालं की एकच फेरसंधी. तीही गेली तर रायफल जमा करायची आणि पार्किंगमध्ये शिट्टी फुंकत स्कुटरी रांगेत लावायच्या. रायफलवाल्या बाईला साहेबसुद्धा वाट देतात. शिट्टीवाल्या बाईला कोण विचारतो?

म्हणून घरात सराव सुरू केला. रायफल घरी आणता येत नाही, तेव्हा पोछ्याचा दांडा. त्याला बोल्ट कुठून आणणार? नवऱ्याने बाथरूमच्या दाराची कडी काढून दांड्याला ठोकून दिली. मागे, पुढे, खट्! झकास. फक्त त्या दिवसापासून आमच्या घरात जो आत जाईल त्याने मोठ्याने गात बसायचं, असा नियम झाला. नवऱ्याला दोनच गाणी येतात.

वेळ मोजायचं काम सासूबाईंनी स्वतःहून घेतलं. त्या निवृत्त नर्स. मी मोबाईल काढला तर म्हणाल्या, "ठेव ते डबडं. चाळीस वर्षं लोकांच्या नाड्या मोजल्यात मी." आणि स्वतःच्या मनगटावर तीन बोटं ठेवून बसल्या. एक ठोका, एक सेकंद. घड्याळ बंद पडेल, माझी नाडी नाही, हे वर ऐकवलं.

घरात शांतता हवी म्हणून मी मोबाईल ठेवून दिला. आणि खरं सांगते, निकाल छान यायला लागले! भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या बटणावर नेम धरून माझ्या पाच गोळ्या सत्तावीस ठोक्यांत बसायला लागल्या.

"बघितलंस? हाताला वळण लागलं," सासूबाई म्हणायच्या.

परीक्षेच्या दिवशी मी ऐटीत गुडघा टेकला. चौथी गोळी सुटली आणि शिट्टी वाजली. बाकीच्यांनी रायफली खाली ठेवल्या. मी निवांत बोल्ट ओढला आणि पाचवी झाडली. अख्ख्या मैदानावर तेवढा एकच आवाज.

परीक्षा घेणारे उस्ताद माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले. "बाई, शिट्टी ऐकू आली नाही की पटली नाही?"

"अजून वेळ होता ना!"

"कुणाच्या घड्याळात?"

बाद. फेरपरीक्षा आठ दिवसांनी.

घरी आल्या आल्या सासूबाईंना मोजायला बसवलं आणि पदराआड मोबाईल चालू केला. त्यांचा तीस म्हणून आवाज आला तेव्हा मोबाईलवर अडतीस सेकंद झाले होते.

नवरा औषधाच्या दुकानात कामाला. तो शांतपणे म्हणाला, "आईची बीपीची गोळी. तिच्याने नाडी मंद पडते."

"तुला माहीत होतं?"

"गोळीचं माहीत होतं. सेकंदांचं मला कुणी विचारलं?"

कपाळावर हात मारून घेतला. मोबाईल टेबलावर आपटला आणि म्हटलं, "आई, आता याच्यावरच मोजायचं."

सासूबाई भडकल्या. "म्हणजे माझी नाडी खोटी? माझी? धर तो दांडा! एक दोन तीन चार..." काय तो वेग! मी दोन गोळ्या झाडेपर्यंत तीस. मोबाईल बघितला तर अठरा सेकंद.

डोक्यात लख्ख उजेड पडला. मोबाईल ठेवला बाजूला.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फेरीआधी मी एक काडी टाकायची. "आई, तुमच्या जुन्या मेट्रनबाई भेटल्या होत्या. म्हणत होत्या, तुमच्या इंजेक्शनला पेशंट घाबरायचे."

"ती? तिला शीर सापडायची नाही! एकदोनतीन..."

"आई, धाकट्या मावशींची सून म्हणे पहाटे उठून सगळं आवरते."

"चारपाचसहा! त्या मावशीला सांग..."

"आईचं बीपी वाढेल गं," नवरा बाथरूममधून ओरडला.

"तू गा!" मी म्हटलं.

सातव्या दिवशी माझ्या पाचही गोळ्या त्यांच्या रागाच्या तीस ठोक्यांत बसल्या.

फेरपरीक्षा. पाच गोळ्या झाडल्या, रायफल खाली ठेवली. शिट्टीच नाही. मी उस्तादांकडे बघितलं, त्यांनी घड्याळाकडे.

"झालं?"

"झालं."

"अजून नऊ सेकंद आहेत."

"असू द्या. थांबते मी."

चार गोलात, एक काठावर. पास!

घरी कागदी लक्ष्य सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी एकेका भोकात बोट घालून पाहिलं, डोळे पुसले. "माझ्या नाडीचा गुण आहे हो हा." मी मान डोलावली. पार्किंगची भीती संपली होती. मी दांड्यावरची कडी काढायला स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

"थांब," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पंचवीस सेकंद करणार आहेत ना? आजपासून लागायचं. धर दांडा." आणि हसत, समाधानाने मनगटावर बोटं ठेवली. "ए...क... दो...न..."

बाथरूममधून दुसरं गाणं सुरू झालं.

मी सुस्कारा सोडला, दांडा खांद्याला लावला आणि म्हटलं, "आई, मेट्रनबाईंचा फोन आला होता."