आन्सेल्मचा चष्मा, ओदीलचे डोळे

मी एक जुना चष्मा आहे, मित्रांनो, आणि ज्या माणसासाठी मला बनवले तो आता या जगात नाही. माझी फ्रेम धातूची, काळपट तपकिरी रंगाची. डावी काडी जरा वाकडी झाली आहे. काचांवर इतके चरे पडले आहेत की माझ्यातून दिव्याकडे पाहिले तर दिव्याला मिशा फुटतात.

माझा जन्म मोरेझचा. फ्रान्समधल्या ज्युराच्या डोंगरातल्या आमच्या अरुंद गावात नदीकाठी चष्म्यांचे कारखाने होते आणि जवळजवळ प्रत्येक घरातले कुणी ना कुणी त्यांत कामाला असे. ओदील अशाच एका कारखान्यात काड्यांना बिजागऱ्या जोडायची. बारीक ज्योतीवर सांधा जोडायचा, गार होऊ द्यायचे, काडी उघडमीट करून पाहायची आणि पुढची उचलायची. माझी पाळी आली तेव्हा मात्र तिने मला पुढे ढकलले नाही, बाजूला काढून ठेवले. तिचा नवरा आन्सेल्म याला वाचायला चष्मा लागला होता. कामगारांना फ्रेम स्वस्तात मिळे आणि काचांचे पैसे कारखान्याचा विमा भरत असे.

माझे सुखाचे दिवस ते. आन्सेल्म चीज बनवणाऱ्या डेअरीची दुधाची गाडी चालवायचा. पहाटेची फेरी संपली की तो कॅफेत वर्तमानपत्र उघडायचा आणि मला खिशातून काढून आधी सगळ्यांना दाखवायचा. "बायकोनं बनवलाय," तो म्हणायचा. "पॅरिसला गेलात तरी असा मिळायचा नाही." लोक हसत. मला मात्र ते खरे वाटे.

मग कारखाना बंद पडला. चष्मे दूरच्या देशांत स्वस्तात बनू लागले. ओदीलची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर विमाही गेला. त्या दोघांनी खाजगी विमा घेतला, पण वय वाढेल तसा त्याचा हप्ताही वाढत गेला. एका हिवाळ्यात आन्सेल्मच्या छातीत पाणी झाले आणि तो हॉस्पिटलातून परत आला नाही. त्याच्यामागे ओदीलच्या पेन्शनीत घरभाडे आणि घर तापवायचे तेल एवढेच जेमतेम बसे. तिने विम्याचा हप्ता भरणे थांबवले. मी स्वयंपाकघरातल्या खिडकीत, त्याच्या घड्याळाशेजारी पडून राहिलो.

पुढच्या वर्षी ती दारासमोरच्या बर्फावर घसरली. तिला फारसे लागले नाही, पण तिच्या स्वतःच्या चष्म्याच्या दोन्ही काचा फुटल्या. घरात आली, हात पुसले, खिडकीपाशी उभी राहिली आणि तिने मला लावले.

माझ्या काचा आन्सेल्मच्या नंबरच्या. तिच्या डोळ्यांना त्या जुळणाऱ्या नव्हत्या, हे मला त्याच क्षणी कळले. तिने पिठाच्या पुड्यावरची अक्षरे वाचून पाहिली. पुडा जवळ धरला, लांब धरला, मान तिरकी केली. शेवटी स्वतःशीच म्हणाली, "भागतंय की."

तरी ती चष्म्याच्या दुकानात गेली होती. तिथल्या मुलीने आदराने बसवले, मापे घेतली आणि सांगितले की आता लांबचे आणि जवळचे दोन्ही नंबर लागतील. मग तिने आकडा सांगितला. साडेसहाशे युरो. ओदीलने विचारले, सरकारकडून काय मिळेल? मुलगी संकोचली. आमच्याकडे सरकारी विमा डॉक्टरचे बरेचसे पैसे भरतो. चष्म्याला मात्र त्या काळी तो जे देई, त्यात एक कॉफी आणि एक पाव आला असता. शिवाय आधी डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी हवी, असेही ती मुलगी म्हणाली.

आमच्या भागात डोळ्यांचे डॉक्टर मोजकेच. ओदीलला आठ महिन्यांनंतरची तारीख मिळाली. ती तारीख जवळ आली तेव्हा तिने फोन करून ती रद्द केली. त्या वेळी तिची मैत्रीण जिनेट घरी बसली होती. चष्म्यांच्या त्याच कारखान्यात दोघी शेजारी शेजारी काम करायच्या.

"अगं, नुसतं तपासून यायला काय जातं?" जिनेट म्हणाली.

"तपासून काय करू? तो चिठ्ठी देईल. ती चिठ्ठी काय नाकावर लावू?"

जिनेट हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन्सेल्म गेला तरी अजून त्याच्याच नजरेनं बघतेस."

"बघू दे की. त्याची नजर माझ्यापेक्षा बरी होती."

दोघी पुन्हा हसल्या आणि विषय तिथेच संपला.

मित्रांनो, मी तिच्या डोळ्यांच्या सर्वांत जवळ होतो. दोन वर्षे मी पाहत राहिलो, पण मला तोंड नव्हते. आधी तिचे डोके दुखायचे. मग ती दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागली. बाजूला ठेवलेला कप तिला सापडेना. गुरुवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये पत्त्यांचा डाव रंगे. तिथे तिने एकदा चौकट समजून बदामाचे पान टाकले. सगळ्यांनी तिची टर उडवली, तीही हसली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तसेच झाले तेव्हा कुणी हसले नाही. तेव्हापासून तिने गुडघे दुखतात असे सांगून जाणे सोडले.

ईस्टरला तिची मुलगी कोरीन ल्यों शहरातून आली. कोरीन एकटीच्या पगारात दोन लेकरे वाढवत होती. जेवताना तिने आईच्या उजव्या बाजूने बटाट्याची ताटली पुढे केली. ओदील समोर बघत बसून राहिली. ताटली तशीच हवेत.

"आई, रागावलीस का माझ्यावर?"

"कशाबद्दल?"

कोरीनने ताटली हळूहळू पुढे आणली. अगदी नाकासमोर आल्यावर ओदील दचकली. कोरीनने ताटली खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने ओळखीपाळखी काढून, गयावया करून डॉक्टरची वेळ मिळवली.

डॉक्टरांनी मला काढून टेबलावर ठेवले. बराच वेळ तपासणी चालली. मग त्यांनी ओदीलकडे खुर्ची वळवली.

"मादाम, हा काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकत गेलीय. गेलेली नजर परत येत नाही. उरलीय तेवढी औषधाच्या थेंबांनी टिकते का ते बघायचं."

कोरीनने विचारले की दुसऱ्याचा चष्मा लावल्यामुळे असे झाले का. डॉक्टर नाही म्हणाले. चष्म्याने काही बिघडवले नव्हते. आतून डोळा जात होता. दोन वर्षांपूर्वी नुसते तपासले असते तरी तो दाब कळला असता आणि थेंब तेव्हाच सुरू झाले असते. थेंबांचे पैसे सरकारच भरते.

ओदीलने हे सगळे शांतपणे ऐकले. मग विचारले, "म्हणजे नवा चष्मा घ्यायला नको?"

"त्याचा आता फारसा उपयोग नाही, मादाम."

"बरं झालं," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. डॉक्टर खाली मान घालून लिहू लागले.

परतीच्या वाटेवर कोरीनने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि रडत रडत विचारले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू पैसे काढले असतेस. कुठून काढले असतेस तेही मला ठाऊक आहे."

कोरीनने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.

थेंब वेळेवर पडतात, तरीही नजर कमी होतेच आहे. आता ओदीलला समोर नाण्याएवढे काहीतरी दिसते आणि भोवती सगळे धुके. कोरीन महिन्यातून एकदा येते. जिनेट भाजी निवडून देते, थेंब घालते. ल्योंला राहायला जायचे दोनदा ठरले आणि दोनदा बारगळले, कारण कोरीनच्या घरात आणखी एक पलंग मावत नाही.

मला मात्र ओदीलने टाकले नाही. रोज सकाळी ती ॲप्रनच्या टोकाने माझ्या काचा पुसते, पुसल्या गेल्या का ते बोटाने चाचपते आणि मला लावून खिडकीशी बसते. माझा तिला काही उपयोग नाही. एकदा जिनेटने न राहवून विचारलेच की आता हा कशाला?

"लावला नाही तर लोक विचारतील," ओदील म्हणाली.

मित्रांनो, मला जपा, डबीत ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यासारखे चष्मे पुष्कळ आहेत. पण तुमच्या घरात, शेजारी, कुणी दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचत असेल, पुडा जवळ धरून, लांब धरून, "भागतंय" म्हणत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. तो माणूस स्वतःहून काही सांगणार नाही.

तुम्ही विचारा.