तिच्या पोटातलं पाणी

शेजारच्या पाकेरच्या कुंपणात वीज आली तेव्हापासून माझी सकाळ कासवं ढकलण्यात जाते. उमेदीत गुरं हाकली, म्हातारपणी हे नशिबी आलं. हरणाला तारेचा झटका बसला की ते उडी मारून मागं पळतं. बकरीसुद्धा एकदा चटका बसला की शहाणी होते. कासवाला मात्र मागं सरणं ठाऊकच नाही. ते डोकं-पाय आत ओढून घेतं आणि तारेखालीच बसून राहतं, वीज पाठीला लागतच राहते आणि तिथंच ते मरतं. म्हणून मी कोरड्या काठीनं एकेकाला तारेपासून लांब सारतो.

काठीनंच सारतो, हातानं उचलत नाही. मोठा पाऊस संपला की कासव उचलायचं नाही, हे आमच्याकडं शेळ्यांमागच्या पोरालाही माहीत असतं. उचललं की ते घाबरतं आणि पोटात साठवलेलं सगळं पाणी सोडून देतं. पुढच्या पावसापर्यंत त्याला दुसरं पाणी मिळायचं नसतं. मादीची तर आणखीच पंचाईत, कारण अंडी घालायच्या जागी ती तेच पाणी सोडून माती मऊ करते आणि मग खड्डा खणते.

पाकेर म्हणजे मेंढी देणारा. एका दुष्काळात माझं सगळं खिल्लार मेलं तेव्हा त्यानं मला गाभण मेंढी दिली होती. अशी मेंढी दिली-घेतली की दोघांनीही एकमेकांचं नाव घेणं सोडायचं आणि पाकेर म्हणायचं, हा आमचा रिवाज. आम्ही जन्मभर तो पाळला. मग सगळ्यांच्या सामाईक कुरणाच्या वाटण्या झाल्या. त्याचा लेक लेयियान शहरात कमावतो, त्यानं हे कुंपण घातलं. आणि माझ्या शेळ्या तिकडं शिरल्या म्हणून पाकेर भर बैठकीत मला म्हणाला, "कोतिकाश, तुझ्या शेळ्या आवर." नुसतं नाव घेतलं. परक्या माणसाला म्हणावं तसं. मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

यंदा सगळ्यात जास्त छळलं ते एका कासवीनं. परातीएवढी पाठ, पिवळ्या-काळ्या ठिपक्यांची, कडेला तरसाच्या दातांची खूण. ती दरसाल पाकेरच्या तांबड्या चढणीवर अंडी घालते आणि आता मधे तार आली. मी तिला सकाळी ढकलायचो, दुपारी ती परत हजर. पुन्हा ढकलायचो, पुन्हा यायची. एखाद्या दिवशी मी पोचण्याआधी ती तारेखाली जाणार आणि संपणार, हे मला दिसत होतं. माझे गुडघे गेलेत. हल्ली तर झोपून उठलं तरी थकवा तसाच असतो. तिला शिव्या घालायचाही कंटाळा आला होता.

"माझ्यामागं कधी एवढी पायपीट केली नाहीत," सिमालोई, माझी बायको, म्हणाली. "जाऊन बोला की त्याच्याशी. तोंडाला गंज चढलाय का?"

मी म्हटलं, तूच जा. ती गेली आणि निरोप घेऊन आली. वीज बंद करायची किल्ली लेयियानकडं, आणि तो येईपर्यंत तार वर करता येणार नाही. मग पाकेरनं तिला विचारलं होतं, तो स्वतः का आला नाही. ती म्हणाली, दमलेत ते. त्यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी पोचलो, तर तारेजवळ कासवी नव्हती. मेलेलीही नव्हती. तेवढ्यात चढणीवरून हाक आली, "पाकेर! फाटकाकडून ये!"

मी कुंपणाला वळसा घालून वर गेलो. पाकेर उभा होता, पोरासारखा हसत. त्याच्या पायाशी कासवी होती. छातीपासून खालपर्यंत त्याची लाल चादर भिजली होती.

"दोन्ही हातांत घेऊन आणली इथवर," तो म्हणाला. "आख्खी मुतली बघ माझ्यावर, वाटेतसुद्धा थांबेना. आता लेकाच्या किल्लीची वाट कोण बघतो? दरसाल मीच आणीन तुझ्या या बाईला."

कासव उचलायचं नसतं, हे त्यालाही माहीत होतं. पण मला खूश करायच्या घाईत तो विसरला.

कासवी मागच्या पायांनी जमीन खरवडत होती. जमीन भाजलेल्या मडक्यासारखी टणक, नुसती धूळ उडत होती. थोडी पुढं सरकून तिनं पुन्हा खरवडलं. पुन्हा पुढं सरकली.

"जागा पसंत पडेना वाटतं," पाकेर म्हणाला.

मला 'हो' म्हणावंसं वाटलं. इतक्या दिवसांनी त्यानं मला हाक मारली होती, मला ती हवी होती, आणि भांडणाचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. पण 'हो' म्हटलं असतं तर पुढच्या साली त्यानं तिला पुन्हा उचललं असतं.

"पाकेर," मी म्हणालो, "पुढच्या वेळी उचलू नकोस. लेयियान आला की खालची तार काढायला लाव."

"का?"

मी त्याच्या ओल्या चादरीकडं बघत राहिलो. त्यानंही खाली आपल्या छातीकडं पाहिलं. मग कासवीकडं पाहिलं. त्याचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं.

तो अंगावरची चादर सोडून कासवीच्या मागं गुडघ्यांवर बसला आणि ती खरवडत होती तिथं पिळायला लागला. त्याच्या हातांत जोर नव्हता. थोडे थेंब पडले आणि धुळीत दिसेनासे झाले. तो पिळतच राहिला.

मी काठी खाली टाकली, कसाबसा गुडघे टेकून बसलो, चादरीचं दुसरं टोक धरलं आणि उलट बाजूनं पीळ दिला.