गुलाबी फुललेल्या निळ्या हायड्रेंजियाची कैफियत

मित्रांनो, मी हायड्रेंजियाचे एक जुने झुडूप आहे, आणि मी तोतया आहे असा माझ्यावर आरोप आहे. ज्यांनी मला लहानाचे मोठे केले त्या सासूबाईच हा आरोप करतात, हे विशेष.

त्यांच्या जुन्या घरी मला निळ्या फुलांचे घोस येत. ते घर सुटले तेव्हा सासूबाई काही महिने लेकीकडे राहिल्या. सुनेने मला मुळांवरच्या मातीसकट गोणपाटात बांधले, प्रवासभर मांडीवर धरले आणि नव्या घरी कुंपणाच्या भिंतीलगत लावले. सासूबाई परतल्या तेव्हा मी बहरात होतो, पण गुलाबी!

"हे माझं नव्हे," त्या म्हणाल्या. "माझं वाटेत मेलं असेल, तर तसं सांगावं. बाजारातलं आणून माझ्या डोळ्यांत धूळ कशाला फेकतेस?"

"अहो आई, मी स्वतः आणलंय. मांडीवर धरून!"

"मांडीवर घेतलं म्हणून कुणी आपलं होतं का गं?"

वास्तविक आमच्या फुलांचा रंग मातीवर ठरतो. माती आंबट असली तर तिच्यातले ॲल्युमिनियम मुळांना मिळते आणि फुले निळी होतात; चुना मिसळलेल्या मातीत ते मिळत नाही, म्हणून ती गुलाबी येतात. इतकी साधी गोष्ट मला सांगता येईना, आणि माझी फुलेच माझ्याविरुद्ध साक्ष देत राहिली.

सुनेने रोपवाटिकेत चौकशी केली आणि ती मला बेताने तुरटीचे पाणी घालू लागली. मात्र तिचा नवरा पेशाने घड्याळजी, स्वभावाने त्याहून टापटिपीचा. तो दरवर्षी भिंतीचा जुना चुना खरवडून नवा देई, आणि खरवडलेले पोपडे माझ्या बुंध्याशी लोटी. एका हाताने चढवलेला रंग दुसऱ्या हाताने उतरावा, असा हा संसार! त्या ओढाताणीत माझी पाने पिवळी पडली, आणि सुनेला मात्र दर बहरात टोमणे ऐकावे लागले.

अखेर एकदा माती उकरताना तिला ते पांढरे तुकडे दिसले.

"अहो, हे काय टाकलंय इथे?"

"भिंतीचे पोपडे. मग कुठे टाकायचे?"

"माझ्या डोक्यावर टाका!"

घड्याळजी वरमला. सासूबाई तेव्हा पुन्हा लेकीकडे गेल्या होत्या. नवराबायकोने मला मुळांसकट खणून काढून मोठ्या कुंडीत, कुजलेल्या पानांच्या मातीत बसवले. तुरटीचे पाणी चालूच राहिले. पुढच्या बहराला मी निळा झालो. आता निकाल आपल्या बाजूने लागणार, अशा खात्रीने मी सासूबाईंची वाट पाहू लागलो.

त्या आल्या, कुंडीपुढे थबकल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"आणलंस एकदाचं! अगदी असंच होतं माझं."

"आई, हे तेच आहे," मुलगा म्हणाला. "फक्त कुंडीत हलवलं."

"तू बायकोची वकिली करू नकोस. कुंडी नवी, माती नवी, आणि झाड तेवढं जुनं होय?"

सून बोलण्यासाठी पुढे झाली. सासूबाईंचा हात माझ्या पानावरून फिरत होता, तिकडे तिने क्षणभर पाहिले.

"हो आई," ती म्हणाली. "नवं आणलं."

"मग हे आधीच नव्हतं का सुचत?" असे म्हणून सासूबाईंनी तिची पाठ थोपटली.

माझा सर्वांत भरवशाचा साक्षीदार फितूर झाला, आणि त्याचा मला रागही धरता येईना!

मित्रांनो, आमचा रंग बदलला तर आधी आमची माती तपासा, ही माझी विनंती आहेच. पण तिच्याहून कळकळीची विनंती अशी, की खरे बोलणाऱ्या माणसाला इतके दमवू नका, की खोटे बोलून त्याला विसावा मिळावा.