मायलेकींचं रक्त

आंजी गावच्या मनकर्णाबाईंचं पोट फुगत गेलं तेव्हा घरच्यांना गॅस वाटला. सिंदी मेघेला राहणारी त्यांची मुलगी रक्षा त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा कळलं की अंडाशयाचा कॅन्सर पोटभर पसरलाय.

पूर्वी अशा वेळी डॉक्टर बहुतेक आधी पोटच उघडायचे. मनकर्णाबाईंच्या बहिणीचं, सीताबाईचं, तसंच केलं होतं. ती ऑपरेशननंतर उठलीच नाही. यावेळी डॉक्टरीणबाईंनी आधी किमो दिली, गाठी आटल्या, मग ऑपरेशन केलं. मनकर्णाबाई पुन्हा अंगणात फिरू लागल्या.

मग डॉक्टरीणबाईंनी तपासणीसाठी रक्त मागितलं. आजार लवकर उलटू नये म्हणून आता गोळ्या निघाल्यात, पण रक्तात एक जन्मजात दोष असेल तर त्या जास्त लागू पडतात, असं त्यांनी समजावलं. तो दोष आईकडून लेकीत येऊ शकतो आणि जिच्यात असतो तिला हा कॅन्सर होण्याचा धोका जास्त असतो, हेही सांगितलं.

मनकर्णाबाईंनी हात पदराखाली घेतला आणि रक्त न देताच घरी आल्या. रक्षानं कारण विचारलं.

"मले गोळी लागू पडली, म्हणजे तुह्याही अंगात ते असू शकते," त्या म्हणाल्या. "मले नाई पाह्यजे तशी गोळी."

"तू रक्त नाई देल्लं तरी जे हाय ते हायच, माय."

शेवटी त्यांनी रक्त दिलं. दोष निघाला. गोळ्या देता येणार म्हणून डॉक्टरीणबाईंना बरं वाटलं. मनकर्णाबाई मात्र लेकीकडे बघेनात. पुढं रक्षाचं रक्तही तसंच निघालं.

रक्षा चाळिशीला आली होती. काही दुखत नव्हतं, तरी तिनं अंडाशय आणि त्यांना लागून असलेल्या गर्भनळ्या काढून टाकायचं ठरवलं. तिच्या नवऱ्याला, रुपेशला, ते पटेना. धडधाकट बाईला काऊन कापायचं, असं तो म्हणत राहिला. तिनं ऐकून घेतलं आणि तारीख ठरवली.

ऑपरेशन सुरळीत झालं. आत सगळं साफ दिसलं होतं. पण काढलेल्या नळीच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या, अगदी थोड्या. वेळेत सापडलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढं काय करायचं ते आणखी तपासून ठरवू.

रुपेशनं तपासणीचा कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला.

"आकांक्षाचं रक्त कधी घ्याचं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

आकांक्षा, रक्षाची सातवीतली मुलगी, बाहेर बाकावर बसली होती. ती मोठी झाल्यावर तिचं तिनंच ठरवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

मनकर्णाबाई नातीशेजारी जाऊन बसल्या. काय झालं, असं तिनं विचारलं. "तुह्या मायचं वेळेत सापडलं," एवढंच त्यांनी सांगितलं, रक्ताचं सांगितलं नाही.