पाहुण्यांचा पास

“किसके पास जाना है?” वॉचमननं दांड्यावर हात ठेवून विचारलं.

“भाताकडं,” मी म्हटलं.

त्यानं मोबाइलात शोधलं. भात नावाचा कुणी फ्लॅटवाला त्यात सापडेना. मी टिलरचं हँडल धरून उभी, टिलर धडधडतोय, आणि माझ्या मागे हातगाडीवर लोखंडी चाकं घेऊन काशिनाथ, म्हणजे माझा नवरा. त्याचा चेहरा असा, की चोरीच्या मालासकट सापडलाय.

चिखलणीला, म्हणजे भाताच्या शेतात चिखल करायला, टिलरला लोखंडी चाकं लागतात. तीच रस्त्यावर चालवली तर सोसायटीनं रस्त्यात बसवलेले सिमेंटचे ठोकळे फुटतील. म्हणून रस्त्याला रबरी चाकं घालायची, लोखंडी चाकं हातगाडीवरून न्यायची आणि बांधावर बदलायची, ही आमची रीत. आजवर एका ठोकळ्याला ओरखडा नाही. आधीच सांगून ठेवते, नंतर कुणी तोंड वर करून बोलायला नको.

आमचं शेत या कॉम्प्लेक्सच्या पाठीमागे. म्हणजे कॉम्प्लेक्स शेताच्या पुढ्यात आलं, शेत आहे तिथेच आहे. वाट पूर्वीपासून इथूनच. आधी बैल गेले, मग टिलर जायला लागला. बिल्डरनं वाटेवर ठोकळे बसवले, कडेनं शोभेची झाडं लावली, पण वाट सोडली. सोडावीच लागली त्याला. यंदा नवी कमिटी आली आणि गेटवर दांडा बसला. कुणाकडे जायचं ते सांगायचं, त्या फ्लॅटवाल्यानं मोबाइलवर हो म्हटलं की दांडा वर.

दुसऱ्या मजल्यावरून हिल्डानं हाक मारली. तिच्या बापाचं शेत त्याच इमारतीखाली गेलं, बदल्यात हिला फ्लॅट मिळाला. माणूस सोन्यासारखं.

“हेमांगी, माझ्याकडं आलीस म्हनून सांग ना. मी हो म्हनते.”

“तुझ्याकडं चहाला येईन तवा सांगीन, हिल्डा.”

तेवढ्यात चेअरमन आला. उमंग नाव, वय माझ्या मुलाएवढं, बोलणं एकदम गोड. भांडखोर असता तर बरं झालं असतं, भांडणाची मला सवय आहे.

“काकी, तुम्हाला त्रास नको म्हणून स्पेशल सोय केलीय,” तो म्हणाला आणि गळ्यात अडकवायचा पिवळा पास पुढे केला. वर मोठ्या अक्षरांत ‘पाहुणे’. “पूर्ण सीझन चालेल. फक्त दाखवायचा.”

मी तोंड उघडायच्या आत काशिनाथनं तो घेऊन खिशात घातलासुद्धा. वर “थँक्यू” म्हणाला.

असा संताप आला मला. हा माणूस जन्मभर असाच. कुणी धक्का दिला तर हाच आधी सॉरी म्हणणार.

“काय बिघडतं?” तो हळूच म्हणाला. “जायला मिळतंय ना?”

काय बिघडतं ते याच्याच बापानं मला शिकवलं होतं. शांताराममामांना सहीसुद्धा धड येत नव्हती, पण एक शब्द त्यांनी माझ्या डोक्यात पक्का बसवला, वहिवाट. बांधावर बसून सांगायचे, “सूनबाई, न विचारता जाशील तर वाट तुझी. विचारून गेलीस का ती त्येंची झाली. आज व्हय म्हन्तील, उंद्या नाय म्हन्तील.” पाहुणा विचारून येतो, आणि पाहुण्याला कधीतरी जा म्हणता येतं. मी माझ्या शेतावर पाहुणी म्हणून जाऊ?

“पास नको,” मी म्हटलं.

“काकी, फॉर्मॅलिटी आहे फक्त. दोन मिनिटांचं काम.”

“दोन मिन्टांतच वाट जाते, बाबा.”

त्याला कळलं नाही. कळलं असेल तर दाखवलं नाही.

मला थांबून चालणार नव्हतं. घरी ट्रेमध्ये रोपं वीतभर झाली होती. आज चिखलणी, उद्या चिखल बसू द्यायचा आणि परवा शेतकरी गटाचं लावणीयंत्र याच वाटेनं यायचं. चिखल कच्चा असला तर यंत्र रुततं, रोप जून झालं तर यंत्राच्या चिमट्यात मोडतं. यंत्राची पाळी चुकली की शेत पडीक. आणि एकदा शेत पडीक पडलं की हीच मंडळी विचारणार, पडीक जमिनीला वाट कशाला हवी?

मी टिलर बंद केला. पाना काढला आणि तिथेच चाकाचे बोल्ट आवळायला बसले. बोल्ट घट्टच होते. असू देत.

समोर कामावर निघालेल्या गाड्या साचल्या. हॉर्न सुरू झाले. शाळेची बस बाहेर रस्त्यावर अडकली. एक साहेब काच खाली करून म्हणाला, “ओ मावशी, बाजूला घ्या ना ते.”

“मी कुटं अडवलंय? दांडा तुमचा हाय.”

हिल्डा वरून मोठ्यानं हसली. उमंगनं रुमालानं मान पुसली आणि वॉचमनला म्हणाला, “ठीक आहे, आजच्या दिवस सोड यांना.”

वॉचमनचा हात दांड्याकडे गेला.

“थांब,” मी उठले. “आजच्या दिवस नको. कुनी सोडायला मी काय अडकलेली गाय हाय? मी माझ्या वाटंनं चाललेय.”

मी त्याचा हात बाजूला केला आणि दांडा स्वतः उचलला. मागच्या टोकाला सिमेंटचं वजन होतं, तो वर गेला तो वरच राहिला. उमंग एक पाऊल मागे सरला. मी टिलर चालू केला, गाड्या एका अंगाला सरकल्या आणि आम्ही मधून गेलो.

दिवसभर चिखलणी केली. टिलरमागे बगळ्यांची रांग लागली होती. काशिनाथ फळी ओढून चिखल सपाट करत होता. मी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. राग इतक्यात जात नाही माझा.

संध्याकाळी रबरी चाकं घालून परत निघालो. काशिनाथ हातगाडी घेऊन पुढे होता. दांडा पुन्हा खाली. वॉचमन तोच, सकाळचा. त्यानं आम्हाला बघितलं आणि अवघडून उभा राहिला.

काशिनाथनं हातगाडी टेकवली आणि खिशातून पिवळा पास काढला. वॉचमनला हायसं वाटलं, तो पास बघायला पुढे झाला. मी मात्र मनातल्या मनात म्हटलं, झालं, केलं या माणसानं मातेरं.

काशिनाथ खाली वाकला. पासाच्या कडेनं त्यानं एका टाचेचा चिखल खरवडला, मग दुसऱ्या टाचेचा. अगदी सावकाश. ठोकळे घाण होऊ नयेत, ही काळजी त्याची कायमचीच. पास झटकून पुन्हा खिशात घातला. मग पुढे जाऊन त्यानं दोन्ही हातांनी दांडा उचलला.

“चल,” तो मला म्हणाला.

मी गिअर टाकला.